निरीक्षकबाईंची चिडचिड आणि नऊ मजली लिफ्ट

बाईची पाळी थांबली की तिचं म्हणणं खरं असण्याचा काळही संपतो, हे शास्त्राने अजून सिद्ध केलेलं नाही. पण सरकारी खाती शास्त्रासाठी अडून बसत नाहीत.

लिफ्ट तपासणी खात्यातल्या वरिष्ठ निरीक्षकबाई एक्कावन्न वर्षांच्या. पंचवीस वर्षांत त्यांनी त्रेचाळीस लिफ्ट नापास केल्या, तेव्हा त्यांना कर्तव्यकठोर म्हणत. (त्याबद्दल एक भिंतीवरचं घड्याळही मिळालं होतं. ते मागे चालायचं.) चव्वेचाळिसावी नापास झाली ती एका नऊ मजली इमारतीतली. तो अहवाल द्यायला त्या साहेबांच्या खोलीत गेल्या आणि नेमका तेव्हाच त्यांना दरदरून घाम फुटला. त्यांनी अहवालाच्याच कागदाने वारा घेतला. ते पाहून लिफ्टमध्ये काहीच दोष नाही, हे साहेबांच्या चटकन ध्यानात आलं.

"दोराच्या एकवीस तारा तुटल्यात, साहेब. दोर बदलल्याशिवाय आत माणूस चढवायचा नाही."

"बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

अहवालावर शेरा पडला : 'निरीक्षकांचे वय लक्षात घेऊन वाचावे.' बाईंची रवानगी तीन दिवसांच्या मनःस्वास्थ्य शिबिरात झाली. हजेरी सक्तीची होती, आनंदही. शिबिरात बायका सतरा, पुरुष शून्य. (मध्यमवय पुरुषांनाही येतं, पण खात्यात त्याला अनुभव म्हणतात.) मार्गदर्शक एकतीस वर्षांचे होते आणि पाळी जाण्यावर त्यांची दोन पुस्तकं होती.

"काकू," ते प्रेमाने म्हणाले, "तुटलेल्या तारा मोजणं सोडा. न तुटलेल्या मोजा!"

"मोजल्यात. त्या पुरत नाहीत."

मार्गदर्शकांनी बाईंच्या नावापुढे 'प्रगती नाही' असं लिहिलं. घरी नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना. हल्ली तू प्रत्येक गोष्ट फारच मनाला लावून घेतेस."

फेरतपासणीला एक शांत स्वभावाचे निरीक्षक गेले. यंत्राच्या खोलीला कुलूप होतं. त्यांनी कुलपाकडे सकारात्मक नजरेने पाहिलं आणि लिफ्ट पास केली.

आता मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. (ही आग पाळीची नव्हती, पण खात्याच्या अर्जात तसा वेगळा रकाना नाही.) राग होताच, त्याहून जास्त भीती होती, कारण त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर पाळणाघर होतं. बाईंनी पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली, लिफ्टची वीज तोडली, पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. अकरा दिवस इमारत जिने चढली आणि बाईंच्या नावाने बोटं मोडत राहिली. बाराव्या दिवशी खात्याने कुलूप तोडलं, वीज जोडली, दोर तसाच ठेवला आणि बाईंना जुन्या फायलींच्या तळघरात बसवलं.

तेव्हापासून खात्याचा निकाल शंभर टक्के आहे. सहाशे बारा लिफ्ट तपासल्या, सहाशे बारा पास. प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात आता हसरा चेहराही छापतात. तुमच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी तो कागद असेल, उद्या खाली उतरताना जरूर बघा. लिफ्ट हल्ली कुरकुरते असं तुमच्या घरातल्या बाईने मागेच सांगितलं असेल, तर तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात तेही आठवा. मात्र जरा लवकर आठवा. खाली यायला फार वेळ लागत नाही.