छत्तीस किलो गहू

नवीन माणूस भेटला की लोक नाव विचारतात, गाव विचारतात, पुण्यात असतील तर कुठल्या पेठेतले तेही विचारतात. आमच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गायधनीबाई वजन विचारतात.

"अहो, वजन किती आपलं?"

साठीच्या आतल्यांना हा प्रश्न नसतो. पण केस पांढरे दिसले की सुटका नाही. पहिल्या मजल्यावर एकदा साखरपुड्याची बोलणी करायला व्याही आले होते. बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं. ते गृहस्थ इतके गांगरले की चप्पल काढून उभे राहिले, त्यांना वाटलं काटा आणतात की काय. बाईंनी आकडा ऐकला, पिशवीतून छोटी वही काढून लिहिला आणि म्हणाल्या, "नोंद झाली."

मला विचारलं तेव्हा मी बहात्तर सांगितलं. खरं अठ्ठ्याहत्तर होतं. पण समोर अठ्ठेचाळीस किलोची, चौऱ्याहत्तर वर्षांची बाई कॅनव्हासचे बूट घालून ताठ उभी असताना अडुसष्ट वर्षांच्या माणसाला सहा किलो लपवावेसे वाटले, तर त्यात फार मोठं पाप आहे असं मला वाटलं नाही.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, परगावचे ट्रंक कॉल जोडण्यात आणि तीन मिनिटं झाली की मध्येच तसं सांगण्यात. खातं बदललं, ट्रंक कॉल गेले, बाईंचं बोलणं मात्र तिथेच राहिलं. आपण काही सांगत असलो आणि त्यांना कंटाळा आला, की त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून म्हणतात, "तीन मिनिटं झाली." की संपलं. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना त्यांनी भर सभेत असं बसवलेलं आहे.

शनिवार पेठेतली आमची इमारत तीन मजल्यांची. लिफ्ट नाही आणि होणारही नाही. बाई दिवसातून चार वेळा जिना उतरून चढतात. सकाळी दूध, मग भाजी, दुपारी नुसताच, संध्याकाळी ओंकारेश्वरापर्यंत फेरी. वाटेत कुणी बोलायला थांबवलं तर त्या थांबत नाहीत. उभ्या जागी पाय उचलत राहतात आणि बोलतात. समोरचा माणूस आधी बघत राहतो आणि थोड्या वेळाने स्वतःच पाय हलवू लागतो. मीही हलवलेले आहेत.

याला कारण होतं. त्यांचा मुलगा श्रीकांत पुण्याबाहेर मांजरी गावाला राहतो, आठव्या मजल्यावर, दोन-दोन लिफ्टच्या इमारतीत. आईला तिकडे न्यायचं हा त्याचा ध्यास. चांगला मुलगा आहे, त्याची काळजी खरी आहे. पण बाईंना हे घर सोडायचं नव्हतं. शेवटी दोघांत करार झाला. ज्या दिवशी आई चढताना जिन्यात बसेल, त्या दिवशी सामान बांधायचं. हा करार बाईंनी स्वतः सगळ्या इमारतीला सांगून ठेवला होता. नऊ वर्षं झाली, त्या जिन्यात एकदाही टेकल्या नाहीत.

आणि ते पोतं. रोज सकाळी सहाला आमच्या छतावर धप्प असा आवाज होतो. मग पुन्हा धप्प. असे दहा. पहिल्यांदा मी तक्रार घेऊन वर गेलो. बाई पदर खोचून एका गव्हाच्या पोत्यासमोर उभ्या होत्या. गुडघ्यांत वाकायच्या, पोतं छातीशी धरून सरळ व्हायच्या आणि खाली ठेवायच्या.

"छत्तीस किलो," त्या म्हणाल्या. "पाच किलोपासून सुरुवात केली होती."

"पण छत्तीसच का?"

"ठरलेलं आहे."

"आणि हे गहू दळायचे कधी?"

"हे खायचे नाहीत. बर्वे, तीन मिनिटं झाली."

मी खाली आलो. माझ्या बायकोने, मंदाने, विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "मोजा म्हणाल्या." तेव्हापासून मी खरोखरच मोजत असे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ. मंदा कसब्यात बहिणीकडे गेली होती, तरुण मंडळी कामावर. मी रद्दीचा गठ्ठा घेऊन जिना उतरत होतो. गठ्ठ्यापुढे पायरी दिसली नाही. दोन पायऱ्या घसरून जिन्याच्या वळणावरच्या सपाट जागेत पडलो. मोडलं काही नव्हतं, पण उठता येईना. गुडघा वळेना, हात टेकला की मनगटात कळ येई. अशा वेळी माणूस हाका मारताना संकोचतो, याचा मला फार राग आला. शेवटी मारली एक.

वरून कॅनव्हासचे बूट आले. बाईंनी मान हलवायला लावली, पाय हलवायला लावले, कुठे दुखतं ते विचारलं. मग वर जाऊन खुर्ची घेऊन आल्या.

"आधी कुशीवर व्हा. आता हा गुडघा खाली. दोन्ही हात खुर्चीवर. निम्मं वजन तुम्ही उचलायचं, निम्मं मी."

मागून त्यांचे दोन हात माझ्या काखेत आले. एकदा प्रयत्न झाला, जमलं नाही. दुसऱ्यांदा बाईंनी घसा खाकरला, वाकल्या, आणि मी खुर्चीत होतो.

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "बहात्तर नाही आहात तुम्ही."

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणालो.

"छत्तीस म्हणजे बहात्तरचे निम्मे. वहीतले सगळ्यात जड तुम्ही. तुमच्यावरून पोतं ठरवलं होतं."

मला तोंड वर करवेना. आणि तेवढ्यात, माझ्या खुर्चीशेजारच्या पायरीवर, गायधनीबाई बसल्या.

"आमचे हे बासष्ट किलो होते," त्या म्हणाल्या. "असेच दुपारी स्वयंपाकघरात पडले. लागलं नव्हतं काही. पण मला उचलवेनात. ते हसायला लागले. म्हणाले, राहू दे गं, तूही बस खाली, येईल कुणीतरी. मी बसले नाही. दीड तास जिना वरखाली करत राहिले, कुणी सापडतंय का बघत. ते एकटेच फरशीवर पडून. चार महिन्यांनी गेले, ते वेगळ्याच दुखण्याने. पण बसायला हवं होतं मी."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. खालून रिक्षांचे आवाज येत होते. बाईंनी डोळे पुसले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली," आणि उठल्या. उठताना कठड्याला हात लावला नाही.

रविवारी श्रीकांत आला. जाताना आमच्या दारात थांबला. "काका, खरं सांगा. आई कधी जिन्यात बसते का हो?"

"आमच्या बघण्यात तरी नाही," मी म्हणालो. मंदाला मी सगळं सांगितलं होतं. ती आतून म्हणाली, "चहा घेऊन जा रे."

सोमवारी सकाळी बाई डबा घेऊन दारात हजर.

"तीन किलो गहू द्या. अठ्ठ्याहत्तरचे निम्मे एकोणचाळीस. कमी पडतात ते तुमच्यामुळे, तेव्हा गहू तुमचे."

"परत कधी मिळतील?"

"बहात्तरवर याल तेव्हा."

मापताना मूठभर कमी घालावेत असं फार वाटलं, बाईंच्या वयात आणखी तीन किलो उचलायचे म्हणजे थोडं नव्हे. पण खोटं सांगून काय होतं ते एकदा झालं होतं. पुरते तीन किलो मोजले आणि डबा मीच वर पोचवला, वाटेत न थांबता. पाय मात्र घरी येऊन बराच वेळ चेपले.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच मला जाग आली. पहिला धप्प झाला तो जरा जड वाटला. मी अंथरुणात पडून मोजत होतो. आठव्यानंतर वर शांतता झाली. मंदाही जागी होती, तिने माझा हात धरला. मग नववा आला. आणि बऱ्याच वेळाने, पण आला, दहावा.