वत्सलाअक्का आणि संगमरवरी स्थळं

वत्सलाअक्का कुठलाही पुरुष दिसला की आधी त्याला स्थळ म्हणून पारखायच्या. दूधवाला असो की टीव्हीवर बातम्या देणारा, "उंची बरी. खांदे पडके. आई कडक असणार," असा निकाल ठरलेला.

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून बंगळूरला आलो आणि राजाजीनगरात त्यांच्या वरच्या खोलीत राहू लागलो. पहिल्याच दिवशी मला न्याहाळून त्या आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. स्वल्प वजन वाढवलंत तर जमेल." इथल्या मराठी घरांतली निम्मी लग्नं आपणच जुळवली, असं त्या अभिमानाने सांगत. कुणी ते खोडून काढत नसे.

शहरातल्या संग्रहालयात परदेशातून ग्रीक आणि रोमन पुतळे आले, तेव्हा मी अक्कांना घेऊन गेलो. त्यांचे यजमान बापूही आले. कारखान्यातल्या अपघातात बापूंचा उजवा हात खांद्यापासून गेला होता. रिकामी बाही खिशात खोचून ते आमच्या मागे मागे चालत होते.

पहिलाच पुतळा थाळी फेकणाऱ्या तरुणाचा होता. अंगावर सूतही नाही. मला वाटलं, अक्का तोंड फिरवतील. त्यांनी चष्मा पुसला.

"अंग कमावलेलं आहे. नाक सरळ. कपड्यांचा खर्च मात्र नाही."

पलीकडे टक्कल पडलेला, कपाळभर आठ्यांचा एक रोमन होता.

"हा बिजवर. पण सरकारी नोकरी दिसते. मुलगी सुखात राहील."

पुढच्या दालनात एका वीराचा पुतळा होता. त्याचे दोन्ही हात तुटलेले होते.

"हा नापास, नाही का?" बापू हळूच म्हणाले.

अक्का वळल्या. "का म्हणून?"

"हात नाहीत त्याला."

"साखरपुड्यानंतर तुमचा हात गेला, तेव्हा आमच्या घरात सगळे हेच म्हणत होते. मी वडिलांना सांगितलं, मला माणूस पसंत आहे."

मी चकित झालो. अपघात लग्नानंतरचा, असंच मी धरून चाललो होतो. जगाची लग्नं सांगणाऱ्या अक्कांनी स्वतःचं कधी सांगितलं नव्हतं.

"तेव्हा तू लहान होतीस," बापू म्हणाले. "कळत नव्हतं तुला."

"आता तर कळतं ना? इतकी स्थळं बघून झाली." अक्कांनी त्या वीराला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग बापूंना. "याच्यापेक्षा तुम्हीच बरे."

बापू खाली बघून हसले. अक्कांनी त्यांचा डावा हात धरला आणि दालनभर जमलेली माणसं आपलंच जोडपं पाहायला आली आहेत अशा थाटात त्या पुढच्या पुतळ्याकडे निघाल्या.