तळ्यातल्या माशांची शिरगणती

"काका, पकडलेला मासा तुम्ही परत सोडता. मग पुढच्या रविवारी पकडता तो कोण असतो?"

हा प्रश्न मी आमच्या गळ मंडळाच्या वार्षिक सभेत, सगळ्यांदेखत, उभं राहून विचारावा अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. ("तुझी काय टाप आहे!" असं त्यांच्यातली चष्मिश म्हणाली. माझी टाप सहामाहीनंतर आली आहे. त्याआधी नव्हती, हे मान्य.)

साधी गोष्ट अवघड करून करणाऱ्यांना प्रगत समाजात मान असतो. बागेतल्या तळ्यातला कार्प मासा माणूस दिसला की काठाशी येऊन तोंड उघडतो. चार वर्षांचं पोरही त्याला हाताने पाव भरवतं. आमचं मंडळ याच माशासाठी नऊ फुटी काठी, छातीपर्यंतची रबरी विजार (तळं गुडघाभर आहे) आणि गळाच्या आकड्याला पिसं-धागे गुंडाळून बनवलेली खोटी माशी वापरतं. लांब दोरी डोक्यावरून मागेपुढे फिरवायची आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकवायची. मासा लागला की त्याला ओल्या हातांनी धरायचं, फोटो काढायचा, सॉरी म्हणायचं, सोडायचं. (सॉरी ऐच्छिक आहे.)

मी मंडळाची एकमेव कनिष्ठ सभासद. बाबांच्या वहीनुसार माझी वर्षभराची कामगिरी अशी: झाडं एकेचाळीस, बाबांची टोपी सहा वेळा, स्वतःचा कान दोनदा, पळायला आलेल्या एका गृहस्थांचा स्वेटर एकदा (ते पळत राहिले, दोरी संपली तेव्हा थांबले), आणि मासा एक. तो मासा मी आईच्या पांढऱ्या लोकरीपासून केलेल्या माशीवर पकडला. पाण्यात ती हुबेहूब पावाच्या तुकड्यासारखी दिसते. मंडळात पाव वापरणं निषिद्ध आहे. पावासारखी दिसणारी माशी वापरणं ही कला आहे.

त्या एका माशावर मला 'वर्षातील उत्कृष्ट कनिष्ठ गळपटू' हा कप मिळाला. स्पर्धेत मी एकटीच होते, तरी शेवटपर्यंत धाकधूक होती. कप हातात घेतला आणि पैजेचा प्रश्न विचारला.

सचिवकाकांनी दहाच मिनिटांपूर्वी अहवाल वाचला होता: चालू वर्षी पकडलेले मासे दोनशे चौदा.

"बाळ, तळ्यात पुष्कळ मासे आहेत," ते म्हणाले.

"किती?"

"पुष्कळ."

"मोजलेत?"

"बस खाली," बाबा माझी बाही ओढत म्हणाले.

पण मंडळ लोकशाहीवादी आहे. तत्काळ 'खूण समिती' नेमण्यात आली. सचिवकाका व्यवसायाने दातांचे डॉक्टर. त्यांनी रविवारी पकडलेल्या पहिल्या माशाच्या पंखाला दात साफ करायच्या हिरव्या दोऱ्याची सैलशी गाठ मारली. (पुदिन्याचा वास. माशाची तक्रार नव्हती.) पुढच्या पाच रविवारी सात सभासदांनी मिळून अकरा मासे पकडले. पैकी हिरवा दोरा असलेले: अकरा.

समितीचा निष्कर्ष असा, की एका माशाला बांधलेली खूण अवघ्या पाच आठवड्यांत तळ्यातल्या सर्व माशांपर्यंत पोचली, हे मंडळाचं ऐतिहासिक यश होय. टाळ्या झाल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. (हात मीही वर केला. कप घरी टीव्हीशेजारी होता, आणि तो तिथे छान दिसत होता.)

त्या संध्याकाळी घरी आले तर बाबा भिंग घेऊन हॉलच्या भिंतीपाशी उभे होते. भिंतीवर अकरा वर्षांतले बाबांचे बत्तीस फोटो, हातात बत्तीस मासे. प्रत्येकाच्या डाव्या गालाखाली एक खवला नव्हता. तेहतिसावा फोटो माझा. खवला तिथेही नव्हता.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दर शनिवारी पुसते ना मी ते. तुम्ही अंगाने सुटत गेलात, तो तसाच आहे."

बाबा खुर्चीत बसले. "म्हणजे अकरा वर्षांत मी एकच मासा पकडला?"

"एकच," आई म्हणाली. "पण नीट पकडलात."

बाबांनी बराच वेळ भिंग रुमालाने पुसलं. मग माझ्या कपाकडे बघत म्हणाले, "तुझा पहिलाच आहे गं. तुझा धरायला हरकत नाही."

मला ते एकदम लागलं. स्वतःचे बत्तीस गेले होते आणि हा माणूस माझा एक वाचवत होता. मी कपाकडे पाहिलं. कपात माझा चेहरा दिसत होता, रुंद, आणि तोंड उघडं.

"पण तो दर वेळी फसतो कसा?" बाबा म्हणाले. "इतका मूर्ख?"

"त्यात काय?" आई म्हणाली. "ओळखीचं काही दिसलं की तोंड उघडायचं, जरा ओढाताण सोसायची, मग सोडतातच. त्याचं काय जातं?"

तेव्हा मी खुर्चीवर उभी राहिले. (गरज नव्हती, पण टाप नवी आहे.)

"आई, बाबा, माझं ठरलंय. रविवारी मी कप मंडळाला परत सोडणार, ओल्या हातांनी. काठीही देऊन टाकणार. यापुढे मी लिहिणार. पहिल्याच ओळीत एक प्रश्न अलगद टेकवायचा, माणसं येतात. मग ओढत ओढत शेवटच्या ओळीपर्यंत आणायचं आणि सोडून द्यायचं. आत्ताच एकजण लागलंय. सॉरी."