शांततेचा पहारा

शांतता हा वाचनालयाचा प्राण असतो, असं संगणकवाल्याचं ठाम मत होतं आणि ते तो वाचनालयात मोठ्या आवाजात मांडत असे. इथे तो अजून हंगामीच होता. आज कार्यकारिणीच्या अध्यक्षबाई पाहणीला येणार होत्या आणि त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार होतं. म्हणून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर तोंड न दाखवता तो मागच्या मागे चालत राही आणि माइकमधून कानोसा घेई. कोणी बोललं, की छतातल्या स्पीकरमधून बजावी, "कृपया शांतता राखा."

अडचण ग्रंथपालबाईंची होती. रोज निघताना त्या संगणक बंद करीत.

"बाई, तो चालूच ठेवायचा असतो."

"का? आपण गेल्यावर पुस्तकं गप्पा मारतात?"

हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने एक स्क्रिप्ट लिहिली. संगणक चालू झाला, की प्रोग्रॅम आपोआप चालू. मग एकदा प्रोग्रॅम बाईंच्या शिंकेवर खेकसला आणि बाईंनी भाच्याला फोनवर विचारून तो बंद पाडला. संगणकवाला संतापला. त्याने पहारेकरी नावाची दुसरी स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्रॅम बंद पडला, की ती तो पुन्हा उभा करी. बाईंनी बटणच बंद केलं, तेव्हा त्याने संगणक बटणासकट कपाटात टाकून कुलूप ठोकलं, आणि वीज आली, की तो आपोआप चालू होईल अशी सोय केली. माइक, कीबोर्ड आणि पडदा तेवढे बाहेर.

पाहणीच्या दिवशी, आणखी खबरदारी म्हणून, सगळं सुरू करण्याचा तोच हुकूम त्याने दुसऱ्या जागीही लिहून ठेवला: कोणी पासवर्ड टाकला, की सगळं चालू. आधीच चालू आहे का, हे तपासणारी ओळ घालावी, असं क्षणभर मनात आलं. पण असल्या ओळी स्वतःवर विश्वास नसलेली माणसं घालतात.

अध्यक्षबाई आल्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "या, बसा."

"कृपया शांतता राखा," छत म्हणालं.

अध्यक्षबाई कौतुकाने हसल्या. स्वतः बोलताना कान मिटून घ्यायची अक्कल प्रोग्रॅमला दिलेली होती. पण आता प्रोग्रॅम दोन झाले होते. पहिल्याचं बोलणं दुसऱ्याने ऐकलं.

"कृपया शांतता राखा."

हे पहिल्याने ऐकलं.

कोपऱ्यात बसणारे आजोबा थोडा वेळ वाट पाहून उठले. "मी बाहेर रस्त्यावर बसतो," ते म्हणाले. "तिथे शांत आहे."

"बंद करा ते," अध्यक्षबाई ओरडल्या. त्यांनाही समज मिळाली.

संगणकवाल्याने एक प्रोग्रॅम मारला, पहारेकऱ्याने नवा उभा केला. पहारेकऱ्याला मारायला गेला, तर तेही दोन, आणि पहारेकरी पडला तर प्रोग्रॅमने त्याला उचलावं ही सोयही त्याचीच.

"कपाटाची चावी?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"घरी. कालच्या पँटमध्ये."

"छान."

"छान काय छान? तुम्ही बटणाला हात लावला नसता, तर मला यातलं काही लिहावंच लागलं नसतं. माणसाने चांगलं करायला जावं आणि..."

"कृपया शांतता राखा."

रागाच्या भरात त्याने कीबोर्डवर मूठ आपटली. आणि छत गप्प झालं.

खोलीभर शांतता पसरली. अशी शांतता त्या वाचनालयात पूर्वी कधी झाली नव्हती.

"बघा," अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे प्रकरण यांच्याशिवाय कोणाला आवरणार? असल्या माणसाला हंगामी ठेवणं धोक्याचं आहे. कायम करून टाका."

काळ्या पडलेल्या पडद्याकडे पाठ करून संगणकवाला नम्रपणे झुकला. ग्रंथपालबाई मात्र वर पाहत होत्या. पंखा मंदावत मंदावत थांबला.

वीज गेली होती. ती जेवणाच्या सुट्टीआधी परत आली.