जावईबापूंची बादली

जावईबापू वाइन चाखायचं शिक्षण घेऊन आले होते आणि ते शिक्षण काही केल्या त्यांच्या पोटात राहत नव्हतं. सासऱ्यांनी आपलं बटणांचं जुनं दुकान त्यांच्या हवाली केलं, ते एका अटीवर. पहिल्याच संध्याकाळी गिऱ्हाईक वळलं नाही, तर फळ्यांवर पुन्हा बटणं लागतील.

"काळजीच सोडा, बाबा," जावईबापू म्हणाले. "ग्रीसची तांबडी वाइन आहे. हलकी, गोडाच्या नादी न लागणारी. लोक रांगा लावतील."

संध्याकाळी गल्ली जमली. शिंपीणबाई आल्या, दातांचे डॉक्टर आले, समोरचा रंगारी आला. बायको पाव आणि चीज कापत होती. जावईबापूंनी पेला फिरवला, त्यात नाक घातलं, घोट तोंडात खुळखुळवला आणि एका चकचकीत बादलीत थुंकून टाकला. चाखणाऱ्याने गिळायचं नसतं, नाहीतर डोकं ठिकाणावर राहत नाही, असं त्यांना शिकवलं होतं. हे कारण तेवढं सांगायचं राहून गेलं.

गल्ली एकमेकांकडे बघू लागली. मालकच थुंकतोय म्हटल्यावर शिंपीणबाईंनीही घोट तोंडात धरला न धरला आणि बादली गाठली.

"नासली असेल," रंगारी मिशी पुसत कुजबुजला. "बिचाऱ्याला सांगणार कोण?"

"चूळ भरायला वाईट नाही," डॉक्टर म्हणाले.

जावईबापूंना वाटलं, गल्ली भलतीच जाणकार निघाली! त्यांनी हौसेने आणखी बाटल्या उघडल्या. बादली भरत चालली, बाटली मात्र एकही खपेना. बायकोने डोळे वटारले, तर त्यांना ते कौतुक वाटलं. पण लोक दाराकडे सरकू लागले आणि कोपऱ्यात सासऱ्यांनी बटणांचा डबा खुळखुळ वाजवून पाहिला, तेव्हा जावईबापू पेला भरून त्यांच्याकडे धावले.

"बाबा, तुम्ही तरी चाखा." त्यांनी बादली सासऱ्यांच्या हनुवटीखाली धरली.

सासऱ्यांनी घोट घेतला. फुगल्या गालांनी बादलीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि गटकन गिळून टाकलं. डॉक्टर नाडी बघायला पुढे झाले.

"थुंकायचं होतं, बाबा."

"कवळी नवी आहे माझी. तुमच्या बादलीत घालायला करून घेतलेली नाही." मग त्यांनी ओठ चाटले. "पण ही तर झकास आहे हो! वाळवलेल्या टोमॅटोसारखी लागते आणि मागून ऑलिव्हचा खारटपणा येतो. गिळल्याशिवाय कळायचं नाही. पोरी, पाव दे गं जरा."

त्यांनी दुसरा पेला मागितला तसा रंगाऱ्याने धीर केला. मग डॉक्टरांनी गिळली, शिंपीणबाईंनी तर दोनदा. घटकाभरात फळ्या रिकाम्या झाल्या.

दार लावताना सासऱ्यांनी डबा लेकीच्या हातात दिला. "टाक माळ्यावर." जावईबापूंना भरून आलं. सासऱ्यांनी राखून ठेवलेला शेवटचा पेला पुढे केला. "घ्या. दिवसभर एक घोट पोटात गेला नाही तुमच्या."

जावईबापूंनी पेला फिरवला, नाक घातलं, डोळे मिटून घोट तोंडात खुळखुळवला आणि सवयीने थुंकला. बादली बायकोने मघाशीच धुवायला आत नेली होती.

सासऱ्यांनी आपल्या सदऱ्याकडे पाहिलं.

"पोरी," ते हसू दाबत म्हणाले, "डबा राहू दे गं खालीच."