चित्रासमोर हसू नये

माझी थोरली बहीण व्हीलचेअरवर बसते आणि विनोदी चित्रं काढते. यातली पहिली बाब सर्वसमावेशक कला प्रदर्शनाच्या समितीला पूर्ण माहीत होती. दुसरी वेळेत निदर्शनास आली नाही, आणि पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

प्रदर्शनाचा विषय होता ‘काळजी आणि काळजीवाहक’. काळजीवाहक म्हणजे मी. हा शब्द मला समितीकडून कळला. घरी मला ‘अरे ए’ म्हणतात. ताईने जे चित्र पाठवलं त्यात मीच आहे. तिला सणसणून ताप भरलाय, मी तिच्या उशाशी जागत बसायचं म्हणून खुर्चीत बसलोय आणि आ वासून घोरतोय. थर्मामीटर माझ्याच तोंडात आहे, आणि तापाने फणफणलेली ताई मला पांघरूण घालतेय. चित्राला तिने नाव दिलं होतं, ‘भाऊ माझी काळजी घेताना’. चित्रातलं सगळं खरं आहे. थर्मामीटरचं तेवढं मी अजून कबूल केलेलं नाही.

ताईला बक्षीस नको होतं, हारतुरे नको होते. “मला फक्त लोक हसताना ऐकायचेत रे,” ती म्हणाली. “तू हसत नाहीस, कारण चित्रात तूच असतोस. परकी माणसं हसली तर मी चित्रकार. नाहीतर नुसती वेळ घालवणारी बाई.” हे ऐकून मी चित्र बांधायला घेतलं.

आता तुम्हाला वाटेल, तिथे रॅम्प नसणार. होता! लिफ्ट होती, दारं रुंद होती, स्वच्छतागृहात धरायला दांडेसुद्धा होते. तक्रार करायला समितीने तसूभर जागा ठेवली नव्हती. दारातच संयोजिकाबाई भेटल्या. त्यांनी ताईकडे पाहून मान कलती केली आणि मला विचारलं, “त्यांना प्रवासाचा त्रास नाही ना झाला?”

“त्यांनाच विचारा की. ऐकू येतं त्यांना,” मी म्हणालो.

“अरे वा, ऐकूही येतं!” बाई गहिवरल्या.

आत गेलो तर चित्राखालचं नाव बदललेलं. ‘मूक वेदना’.

“मूक?” ताई उडालीच. “अहो, तो घोरतोय!”

“काय म्हणतायत त्या?” बाईंनी मला विचारलं.

“तो घोरतोय म्हणतायत.”

“किती खोल विचार आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या दालनात गेल्या.

ताई भिंतीशी खुर्ची लावून कान टवकारून बसली. लोक येऊ लागले. यायचे, चित्र बघायचे, ओठांच्या कडा हलायला लागायच्या, तेवढ्यात नजर खालच्या पाटीवर जायची. ‘दिव्यांग कलावंत.’ की चेहरा एकदम शोकसभेला आल्यासारखा! एका गृहस्थांच्या मिशा चांगल्या थरथरल्या होत्या. त्यांनी त्या हसण्याचा खोकला करून टाकला. दुपारपर्यंत नुसते सुस्कारे चालले होते.

मग एक मध्यमवयीन बाई आल्या. हातात औषधांची पिशवी, पदर खोचलेला. त्यांनी चित्र पाहिलं आणि खो खो हसत सुटल्या. “अगं बाई, हे तर आमचेच हे! सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं, तर नर्सने रोगी समजून यांनाच सुई टोचली!”

ताईच्या चेहऱ्यावर काय उजेड पडला, सांगू! पण तोवर दोन स्वयंसेवक धावत आले आणि त्यांनी त्या बाईंना अत्यंत आदराने ‘संवेदना कक्षा’त नेलं. तिथे समुपदेशक होत्या, थंड पाणी होतं, आणि माणूस का हसला याची चौकशी होती. लगेच भिंतीवर सूचना लागली: ‘चित्रासमोर हसू नये. हुंदका आल्यास स्वयंसेवकास कळवावे.’

“पडलं रे माझं चित्र,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसताच छायाचित्रकार सरसावले, संयोजिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रदर्शन कमालीचं यशस्वी होत असल्याचं माइकवरून जाहीर झालं.

एवढ्यात एक कलासमीक्षक माझ्यापाशी आले. थर्मामीटरकडे बोट दाखवून ते गदगदून म्हणाले, “बहिणीचा ताप भावाने स्वतःवर ओढून घेतलाय! धन्य आहात तुम्ही!” आणि माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. मी खांबासारखा उभा. त्यांचं नाक माझ्या सदऱ्याला पुसलं जात होतं, आणि त्यांच्या खांद्यावरून मला ताई दिसत होती. तिने आधी तोंडावर हात दाबला. मग हात सुटला. असं हसली, असं हसली, की व्हीलचेअर गदागदा हलायला लागली.

स्वयंसेवक एकमेकांकडे बघू लागले. संयोजिकाबाई आल्या.

“अहो, चित्र तिचंच आहे,” मी म्हणालो.

“माहीत आहे. म्हणून सवलत दिली तर तो भेदभाव होईल. आमचं प्रदर्शन सर्वसमावेशक आहे, आम्ही नियमातून कुणालाही वगळत नाही.” आणि मग त्या ताईकडे वळल्या, सरळ तिच्या डोळ्यांत बघत कडाडल्या, “तुम्ही आत्ताच्या आत्ता बाहेर व्हा!”

ताई रॅम्पवरून खाली आली ती फुललेल्या चेहऱ्याने. “ऐकलंस? माझ्याशी बोलल्या त्या! थेट माझ्याशी!”

रॅम्पच्या कठड्यावर औषधांच्या पिशवीवाल्या बाई बसल्या होत्या, नुकत्याच संवेदनशील होऊन सुटलेल्या. त्यांनी ताईला पाहिलं, मला पाहिलं, माझा चेहरा ओळखला आणि पुन्हा फुटल्या. दोघी पोट धरून हसत होत्या. मी हसलो नाही, अर्थात. चित्रात मी आहे.

संध्याकाळी कळलं, पहिलं पारितोषिक ताईलाच. परीक्षकांचा शेरा असा होता: ‘अधिकृत नोंदीनुसार या चित्रासमोर एकही व्यक्ती हसली नाही.’

हे सगळं लिहून मी ताईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “वाचणारे हसतील ना रे?” मी म्हटलं, कसं सांगू, गोष्टीत व्हीलचेअर आहे. तेव्हा खरं सांगा, मध्ये कुठे हसू आलं होतं? आणि आलेलं हसू तुम्ही, हे बरं दिसत नाही म्हणून, गिळलंत? मग तुमच्यासारख्या माणसांची समितीला फार गरज आहे. येताना ताईसाठी काही आणू नका. तिला काय लागतं ते मलाच विचारा.