शैलिया

‘आंबट गं झालं ताक, कढीलिंबाला शिंपावं,
लेकीच्या गं संसारात, पान पान हे जपावं.’

कराडच्या परसात राधामावशीनं म्हटलेली ही ओवी शैलाच्या कानातून कधी गेलीच नाही. म्हणून परदेशात, वुडलँड्समधल्या इमारतीच्या आठव्या मजल्यावर, फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमधला कुंडीतला कढीलिंबही सकाळी ताकानं न्हात असे. तिचा नवरा निशिकांत परोपजीवी गांधीलमाश्यांचा अभ्यासक. फुलपाखराच्या अंड्यात आपलं अंडं घालणारी खसखशीएवढी माशी ओळखायची आणि तिला तिच्या घराण्यात बसवायची, हे त्याचं काम. त्याला ताकाची गोष्ट ठाऊक नव्हती. तो उठायच्या आत झाडाचं न्हाणं उरकलेलं असे.

२००६ साली एका संध्याकाळी तो चपला न काढताच स्वयंपाकघरात आला.

“अगं, झालरच नाही.”

“कशाला?”

“आपल्या कढीलिंबावरच्या अंड्यांतून निघालेल्या माश्यांच्या पंखांना. कडेला बारीक केसांची झालर हवी. ही कुठल्याच घराण्यात बसत नाही, म्हणजे घराणंच नवं. नाव ठरवलंय. शैलिया.”

तव्यावरची पोळी करपली. शैलाच्या नावानं आजवर फक्त विजेचं बिल येत असे. तिनं मैत्रिणीला, अनघाला, फोन केला आणि रविवारपर्यंत निम्म्या मराठी मंडळानं अभिनंदन केलं. “चावते का गं ती?” एवढंच एकीनं विचारलं.

सोमवारी ताक शिंपडताना शैलाला पानावर वाळलेला पांढरा थर दिसला. त्यात एक माशी पाय सोडवत होती. पंख चिकटून चप्प बसले होते. झालर कुठे जाते ते शैलाला कळलं.

तिनं ताक बंद केलं. पुढच्या माश्या निघाल्या त्या झालरीसकट. निशिकांत ताटावर नुसता बसून राहिला.

“झालर आली,” तो म्हणाला.

“मग बरंच की.”

“बरं काय? शैलिया कुठे गेली?”

ते तोंड तिला बघवेना. दुसऱ्या दिवशी झाडाला दुप्पट ताक मिळालं. झालर गेली, निशिकांत जेवला. “उन्हातलं एक रूप आणि पावसातलं एक,” असं म्हणत त्यानं शोधनिबंध आणखी लांबवला.

“आई, व्हाय अवर कॉरिडॉर स्मेल लाइक दही, आह?” लेक अनुयानं तिथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारलं.

“शाळेत जा,” शैला म्हणाली.

निबंध पाठवायचा दिवस आला. चुकीचा निबंध छापला तर जगभरातले माशीवाले नवऱ्याला हसणार, आणि खरं सांगितलं तर आपणच त्याचा आनंद पुसणार. शैला टेबलाशी येऊन उभी राहिली.

“अहो, मी झाडाला ताक घालते. त्यानं चिकटते ती झालर.”

निशिकांतनं कागद सारखे केले.

“माहीत आहे. मागच्या आठवड्यात एक माशी स्पिरिटमध्ये धुतली. झालर उलगडली. साधी, जुनीच माशी आहे.”

“आणि तरी रोज लिहीत बसलात? बोलला का नाहीत?”



“बोललो असतो तर लिहिणं थांबवावं लागलं असतं,” तो म्हणाला. “आणि तुझं नाव इतक्या वेळा लिहायला मला दुसरं निमित्त नव्हतं.”